सहा माणसांचे घर आणि विजेची गाडी: एसयूव्ही की व्हॅन?

प्रश्न : आम्ही लातूरला राहतो. मी औशाला माध्यमिक शिक्षक आहे, रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर होतात. पत्नी लातूरमध्येच परिचारिका आहे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख २२ हजार. घरकर्जाचा १९,५०० रुपयांचा हप्ता धरून महिन्याचा खर्च ७२ हजारांपर्यंत जातो. मुदत ठेवी १२ लाख, म्युच्युअल फंडात ६ लाख आणि पीपीएफमध्ये ४ लाख आहेत. निलंगा तालुक्यात चार एकर शेती आहे. मुलगा अकरावीत असून नीटची तयारी करतो, मुलगी सातवीत आहे. आईवडील आमच्याजवळच राहतात. अकरा वर्षे जुनी डिझेल गाडी पाच जणांची असल्याने आई आता कुठेच येत नाही. सहावी मीच होते, राहू द्या, म्हणते. विजेची सात आसनी गाडी घ्यायचे ठरले आहे. एसयूव्हीचे ऑन-रोड कोटेशन २६.५ लाखांचे आहे, व्हॅनसारख्या गाडीचे २०.५ लाखांचे. एसयूव्हीसाठी साडेसहा लाख भरून उरलेल्या २० लाखांचे सात वर्षांचे कर्ज ९ टक्क्यांनी मिळते आहे. मुलाला एसयूव्ही हवी आहे, आणि खरे सांगायचे तर मलाही. गावाकडचा रस्ता आणि पुण्याचा प्रवास यांसाठी तीच बरी वाटते. करसवलत काही मिळेल का? काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातले आईंचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. गाडी घेण्याचे खरे कारण तेच आहे आणि ते रास्त आहे. निव्वळ हिशेबच पाहायचा, तर जुनी गाडी आणखी दोन वर्षे वापरून लग्नकार्याला भाड्याची सात आसनी गाडी करणे सर्वांत स्वस्त पडेल, हे सल्लागार म्हणून मला सांगितलेच पाहिजे. पण भाड्याची गाडी ठरवून बोलवावी लागते, आणि जी माऊली आपली जागा आपणहून सोडते ती आपल्यासाठी गाडी बोलवा असे कधीही म्हणणार नाही. म्हणून गाडी घ्यावी की नाही हा प्रश्न मी बाजूला ठेवतो आणि कोणती घ्यावी, यावरच लिहितो. माझे मत व्हॅनच्या बाजूचे आहे.

आधी कर्जाचे पाहू. ९ टक्के व्याजाने २० लाखांचा सात वर्षांचा हप्ता ३२,१७८ रुपये येतो आणि सात वर्षांत नुसते व्याज ७.०३ लाख जाते. व्हॅनसाठी साडेसात लाख रोख भरून १३ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता २६,९८६ रुपये आणि एकूण व्याज ३.१९ लाख होते. म्हणजे खिशातून जाणारी सगळी रक्कम धरली, तर एसयूव्ही ३३.५३ लाखांना पडते आणि व्हॅन २३.६९ लाखांना. कोटेशनमध्ये सहा लाखांचा दिसणारा फरक प्रत्यक्षात पावणेदहा लाखांच्या पुढे जातो. यातला काही भाग कर्जाच्या मुदतीमुळे आहे, हे खरे. परंतु एसयूव्हीचे कर्ज पाच वर्षांत फेडायचे म्हटले, तर हप्ता ४१,५१७ रुपये होतो आणि घरकर्ज मिळवून निम्मा पगार हप्त्यांतच जातो. लांबची मुदत ही आपली निवड नाही, त्या गाडीच्या किमतीने ती आपल्यावर लादलेली आहे.

या मुदतीकडे मी विशेष लक्ष वेधतो, कारण आपल्या घरातील दोन तारखा तिच्या आड येतात. मुलाचा प्रवेश दोन वर्षांच्या आत येऊन ठेपेल. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली तर खर्च आवाक्यात राहील, पण खासगी महाविद्यालयात जावे लागले तर दर वर्षाची फी लाखांत मोजावी लागते आणि एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे चालते. मुलगी पाच वर्षांनी बारावीला असेल. व्हॅनचे पाच वर्षांचे कर्ज तिच्या प्रवेशाच्या सुमारास संपते आणि २७ हजार रुपये दरमहा मोकळे होतात. एसयूव्हीचे कर्ज मात्र त्यानंतरही दोन वर्षे चालू राहते, म्हणजे मुलाचे शेवटचे आणि मुलीचे पहिले वर्ष दोन्ही त्या हप्त्याच्या सावलीत जातात. लातूरमध्ये राहून शिक्षणाचा खर्च काय असतो हे मी आपल्याला सांगायला नको.

शेतीचे उत्पन्न आपण हप्त्याच्या हिशेबात धरलेले दिसत नाही, ते योग्यच केले. २०२५ च्या सप्टेंबरमधील अतिवृष्टीत मराठवाड्यात उभे सोयाबीन पाण्याखाली गेले. ज्या उत्पन्नाचा भरवसा आभाळावर आहे, त्यावर दर महिन्याच्या पाच तारखेची जबाबदारी टाकू नये. साडेसात लाख काढल्यावर मुदत ठेवींत साडेचार लाख उरतील. नवा हप्ता धरून घरखर्च ९९ हजारांवर जाईल, तेव्हा ही रक्कम साडेचार महिने पुरेल. याहून कमी शिल्लक ठेवू नये. म्युच्युअल फंडातले ६ लाख मुलाच्या नावाचेच समजावेत आणि गाडीसाठी त्यांना हात लावू नये. प्रवेश जवळ आला आहे, त्यामुळे त्यातला मोठा भाग येत्या वर्षभरात टप्प्याटप्प्याने सुरक्षित ठेवींत आणावा.

आता गाड्यांकडे वळू. दोन-तीन वर्षांपूर्वी हा प्रश्नच उभा राहिला नसता, कारण मध्यमवर्गीय घराला झेपेल अशी सात आसनी विजेची गाडी बाजारात जवळजवळ नव्हती. व्हॅनसारख्या गाड्यांत ऑक्टोबर २०२४ मध्ये बीवायडीची ईमॅक्स ७ आली, पण तिची सुरुवातच २६.९० लाखांपासून होती. जुलै २०२५ मध्ये किआची कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही १७.९९ लाखांपासून आली, आणि त्याच महिन्यात आलेली एमजीची एम९ जवळपास ७० लाखांची असल्याने तिचा विचार येथे करण्याचे कारण नाही. एसयूव्हीच्या बाजूला टाटाची हॅरियर ईव्ही आणि महिंद्राची एक्सईव्ही ९ई या दोन्हींना भारत एनकॅप या अपघात-सुरक्षेच्या चाचणीत पाच तारे आहेत, पण दोन्ही पाच आसनी आहेत. महिंद्राची सात आसनी एक्सईव्ही ९एस नोव्हेंबर २०२५ मध्ये १९.९५ लाखांपासून आली. या सर्व बाजारात आणतानाच्या एक्स-शोरूम, म्हणजे विमा आणि नोंदणीचा खर्च न धरलेल्या, किमती आहेत. आपण घेणार त्याच मॉडेलचे सुरक्षा मानांकन पाहावे, त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीच्या ताऱ्यांवर विसंबू नये.

विजेच्या गाडीत बॅटरी तळाशी असते, त्यामुळे आतली जमीन वर येते आणि तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याचे गुडघे छातीकडे येतात. हे कमीअधिक प्रमाणात दोन्ही प्रकारांत घडते. फरक पडतो तो चढण्या-उतरण्यात. माझे वडील हयात असताना आमच्याकडे उंच एसयूव्ही होती. तुळजापूरला गेलो की वाहनतळावर मी आधी डिकी उघडून लाकडी पाट काढत असे, तो दाराखाली ठेवत असे, आणि वडील एका हाताने दाराची कड व दुसऱ्या हाताने सीट बेल्टचा पट्टा धरून एक पाय त्या पाटावर टेकवत. दुसरा पाय खाली येईपर्यंत आम्ही सगळे श्वास रोखून उभे असू. पुढे पुढे ते म्हणू लागले, तुम्ही दर्शन घेऊन या, मी गाडीतच बसतो. आईंना घराबाहेर काढण्यासाठी गाडी घ्यायची आणि त्यांनी गाडीतच बसून राहायचे, असे आपल्याकडे होऊ नये.

म्हणून शोरूममध्ये आईंना बरोबर न्या. मधल्या रांगेत त्या स्वतःहून, कोणाचा हात न धरता, तीनदा चढल्या आणि तीनदा उतरल्या पाहिजेत. उतरताना त्यांचा चेहरा पाहा, कारण आपल्याकडची वडीलधारी माणसे दुखते असे तोंडाने सांगत नाहीत. त्याच वेळी मुलगा आणि मुलगी मागच्या रांगेत बसवा आणि अर्धा तास गाडी फिरवा. एसयूव्हीमध्ये चढणे आईंना अधिक सोपे वाटले, तर माझ्या मताचा हा एक आधार निघून जाईल, हे मी मान्य करतो. पैशांचा आधार मात्र तसाच राहील.

एसयूव्हीच्या बाजूने आपण दोन मुद्दे लिहिले आहेत, गावाकडचा रस्ता आणि पुण्याचा प्रवास. पहिल्यात तथ्य आहे. पावसाळ्यात शेताकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर उंच गाडीचा उपयोग होतो. पण वर्षातले किती दिवस आपण चारचाकी थेट बांधापर्यंत नेता, ते मोजावे. मला वाटते, बहुतेक वेळा ती गावातल्या वाड्यासमोरच थांबते. सहा माणसे आणि ज्वारीचा कट्टा भरून गावाचा एक फेरा टेस्ट ड्राइव्हमध्येच करून घेण्याचा आग्रह धरा. गतिरोधकावर तळ घासतो का, हे तेव्हाच कळेल. तिन्ही रांगा भरल्या की सामानाची जागा कोणत्याही गाडीत फारशी उरत नाही, म्हणून सहाच जण असताना मागचे अर्धे आसन दुमडता येते का, हेही पाहावे.

पुण्याच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. मुरूड, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी या वाटेने पुणे साधारण ३३० किलोमीटर पडते. ५१.४ युनिट बॅटरीच्या व्हॅनचा कागदावरचा पल्ला ४९० किलोमीटर असला, तरी मे महिन्यात सहा माणसे आणि सतत एसी चालू असताना मी ३५० पेक्षा जास्त धरणार नाही. ३३० किलोमीटरनंतर हाताशी फारसे काही उरत नाही, म्हणून वाटेत एकदा चार्जिंगला थांबावे लागेल. मोठ्या बॅटरीची एसयूव्ही कदाचित न थांबता पोहोचेल. पण आईवडिलांना घेऊन निघालेले कोणते कुटुंब पुण्यापर्यंत न थांबता जाते? टेंभुर्णी किंवा इंदापूरच्या आसपास चहा, स्वच्छतागृह आणि पाय मोकळे करणे यात अर्धा-पाऊण तास जातोच, आणि वेगवान चार्जरला जवळपास तेवढाच वेळ लागतो. वर्षातून तीन-चार वेळा वाचणाऱ्या एका थांब्यासाठी लाखो रुपयांची जास्तीची बॅटरी रोज औशाला नेऊन आणणे मला पटत नाही.

रोजचे अंतर जाऊन-येऊन ४० किलोमीटर आहे, त्याला साडेसहा युनिटच्या आसपास वीज लागेल. घरातल्या १५ अँपिअरच्या चांगल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटवर हे काम दोन-अडीच तासांत होते. त्यामुळे पहिल्याच दिवशी मोठा चार्जर आणि महावितरणकडून मंजूर भारात वाढ, हा खर्च करण्याची घाई नको. वर्षाला १६ हजार किलोमीटर धरले, तर व्हॅनला २,५६० आणि एसयूव्हीला ३,०४० युनिट लागतील असा माझा अंदाज आहे. युनिटला १३ रुपये धरल्यास वर्षाचा फरक सव्वासहा हजारांचाच येतो, म्हणजे वीज हा निवडीचा निकष नाही. डिझेलशी तुलना केली, तर मात्र मोठी बचत आहे. सध्याची गाडी लिटरला १६ किलोमीटर देत असेल, तर ९० रुपये दराने वर्षाला ९० हजार जातात, त्याऐवजी ३३ हजार लागतील.

एक गोष्ट येथे विसरली जाते. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. घराचे २०० युनिट आणि गाडीचे २०० युनिट एकाच मीटरवर आले, की ३०० युनिटच्या वरचा महाग टप्पा लागू होतो. यासाठी माझी आग्रहाची सूचना अशी आहे की, जुन्या गाडीचे जे दीड-एक लाख येतील, ते नव्या गाडीत न घालता घराच्या छतावरच्या सौरऊर्जा संचात घालावेत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजारांचे अनुदान आहे, आणि असा संच आपल्या भागातल्या उन्हात महिन्याला साडेतीनशे युनिटच्या आसपास वीज देतो. नेट मीटर असल्याने दिवसाची वीज रात्रीच्या चार्जिंगच्या हिशेबात वळती होते.

करसवलतींबाबत आपण विचारले आहे. वाहनकर्जाच्या व्याजावर दीड लाखांपर्यंत वजावट देणारे ८०ईईबी कलम फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना लागू होते. आपल्याला ते मिळणार नाही, कोणी सांगितले तरी हिशेबात धरू नये. जीएसटी ५ टक्केच आहे आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार मोटार वाहन करात सूट आहे. कोटेशनमध्ये तो कर वेगळा लावलेला नाही ना, हे तपासा. समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी आहे खरी, पण लातूर-पुणे प्रवासात यातला एकही रस्ता येत नाही. विम्यात तृतीय पक्षाच्या हप्त्यावर विजेच्या गाडीला १५ टक्के सूट असते. त्यासोबत बॅटरीत पाणी शिरल्यास भरपाई देणारे संरक्षण जरूर घ्यावे, कारण आपल्याकडचे ओढे आणि पूल कधी भरतील याचा नेम नाही.

बॅटरीची हमी बहुतेक ठिकाणी निदान ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. आपल्या वापरात आठ वर्षांत १ लाख २८ हजार किलोमीटर होतील, म्हणजे हमी पुरेल. ती दुसऱ्या मालकाला कोणत्या अटींवर मिळते, हे लेखी घ्या, कारण पुढे गाडी विकताना किंमत त्यावरच ठरेल.

मुलाशी मात्र आपण स्वतः बोलावे, आणि हप्त्याचे दोन्ही आकडे कागदावर मांडून त्याच्यासमोर ठेवावेत. तो अकरावीत आहे, त्याला हे गणित कळते. आणि बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी या आठवड्यात एवढे करा: इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्या, बँकेकडून १३ लाखांच्या पाच वर्षांच्या कर्जाचा लेखी दर मागवा, आणि रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, आईंना घेऊन दोन्ही शोरूममध्ये जाऊन या.