रक्ती, पुडिंग आणि घोडबंदर रोडवरचं बोटॉक्स

प्रश्न (ऐरोलीहून): 'ब्लॅक पुडिंग' हे म्हणे रक्ताचं सॉसेज असतं. मग त्याला पुडिंग का म्हणायचं? आणि मराठीत 'रक्ती' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. रक्ती म्हणजे बकऱ्याचं गोठलेलं रक्त, कांदा-मसाल्यात परतलेलं. ते कढईत होतं, सॉसेजसारखं आतड्यात कुणी भरत नाही. हल्ली ठाण्यात दोन व्हिडिओ बघितलेला प्रत्येक जण 'आपली रक्ती म्हणजेच त्यांचं ब्लड सॉसेज' असं ठणकावून सांगतो, तेव्हा डोकं उठतं. मुंबई-ठाण्याकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतल्या सोरपोतेलात डुकराचं रक्त घालायची जुनी रीत आहे, पण ते कालवण. गोव्याचं चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, आतड्यात भरतात खरं, पण त्यात मिरची आणि व्हिनेगर, रक्त नाही. तेव्हा सरळ 'रक्ताचं सॉसेज' लिहा आणि मोकळे व्हा.

खरी गंमत पुडिंगची. इ. स. १३०० च्या आसपास इंग्रजीत हा शब्द दिसतो तोच मुळी आतड्यात किंवा पोटात सारण भरून उकडलेल्या पदार्थासाठी. आतड्याऐवजी फडक्यात बांधून उकडायची पद्धत पुढे रुळली, गोड सारणं आली, आणि नाव तिकडे सरकलं. म्हणजे ब्लॅक पुडिंगच अस्सल. आगंतुक आहे ते आपलं कस्टर्डवालं.

हा शब्द बहुधा फ्रेंच 'बूदां'वरून आला. बूदां नुआर म्हणजे आजही रक्ताचंच सॉसेज. त्याच्या मागे लॅटिन 'बोटेलुस', छोटं सॉसेज. इंग्रजीत आतड्याला 'बॉवेल' म्हणतात तेही त्यातलंच. काही कोशकार मात्र 'फुगणे' अर्थाचा जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातला, धातू काढून बसतात, का तर फ्रेंच 'ब'चा इंग्रजीत 'प' कसा झाला ते पटत नाही. अहो, पदार्थ तोच, भरायची रीत तीच, मध्ये फक्त इंग्लिश खाडी. एका अक्षरासाठी सगळं गोत्र बदलायचं? हैदराबादेत आतड्यांना 'बोटी' म्हणतात, तीही कुणीतरी इथे आणून जोडेल, म्हणून आधीच सांगतो: नुसता आवाज जुळून नातं जुळत नाही. बूदांचं तसं नाही, तिथे ताटातली वस्तूच साक्ष देते.

'बोटेलुस'चा थोरला भाऊ 'बोटुलुस', म्हणजे सॉसेजच. जर्मनीत व्युर्टेम्बर्गकडे सॉसेज खाऊन माणसं दगावत, त्यातही रक्ताची आणि कलेजीची सॉसेजं जास्त बदनाम. युस्टिनुस केर्नर या कवी-डॉक्टराने १८२० आणि १८२२ मध्ये त्या विषबाधेवर सविस्तर लिहिलं, आणि हेच विष अगदी थोड्या मात्रेत औषध ठरेल असंही सुचवलं. पुढे त्या रोगाला 'बोटुलिझम' नाव पडलं आणि त्या विषापासून बोटॉक्स झालं. घोडबंदर रोडवरच्या त्वचेच्या दवाखान्यांत सुरकुत्यांवर टोचतात ते व्युत्पत्तीने सॉसेजच!

आणखी एक. हे विष तयार करणारा जंतू पहिल्यांदा वेगळा काढला बेल्जियमच्या व्हान एर्मेंगेमने, १८९५ च्या एका विषबाधेनंतर. ती झाली होती हॅम, म्हणजे डुकराच्या मांडीचं टिकवलेलं मांस, खाऊन. सॉसेजचा संबंधच नव्हता, तरी त्याने नाव ठेवलं बोटुलिनुस.