स्मारक नको म्हणून लिहून ठेवलेल्या स्वामीजींचं मंदिर बांधावं का?

तुम्ही विचारलंय की कर्नाटकातल्या विजयपूरच्या (जुनं विजापूर) ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामीजी गेल्यापासून गावात त्यांचं छोटं मंदिर बांधायची चर्चा आहे, वर्गणीला माणसं घरी येऊन गेलीत, आणि नाही म्हटलं तर तो स्वामीजींचा अनादर होईल का?

मी बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यातला. माझ्या मते मंदिरासाठी देऊ नका, कारण खुद्द स्वामीजींनीच ते नको म्हटलंय, तेही लिहून. २०१४ च्या गुरुपौर्णिमेला त्यांनी अखेरचं निवेदन लिहिलं: देह पुरू नये, अग्नी द्यावा. श्राद्धविधींची गरज नाही. राख नदीत किंवा समुद्रात सोडावी. कुठलंही स्मारक बांधू नये. आपल्याकडच्या लिंगायत मठांची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. स्वामी लिंगैक्य झाले, म्हणजे वारले, की त्यांना बसवून समाधी देतात, त्यावर गद्दुगी, म्हणजे पूजेचं स्थान, होते, पुढं पिढ्यान्‌पिढ्या तिथं माथा टेकवायला गर्दी होते. पूजेला तेवढीही जागा मागं राहू नये, असं त्यांना वाटलं. २०१८ साली पद्मश्री जाहीर झाली, तीही त्यांनी नम्रपणे नाकारली होती.

त्यांचा पांढरा सदरा तुम्ही फोटोत बघितला असेल. त्याला खिसा नसायचा. मी लहान असताना आज्जी मला त्यांच्या प्रवचनाला घेऊन गेली होती. पहाटेची थंडी, खाली जाजम, आणि एवढी माणसं असून खोकल्याचासुद्धा आवाज नाही. आज्जीनं पदराच्या गाठीत दहाची नोट बांधून आणली होती, पायावर ठेवायला. परत येताना गाठ तशीच होती. "त्यास्नी खिसाच न्हाई बाळा, द्यायचं कुठं?" म्हणाली. वाटेत शेजारणीच्या पोराला तिनं त्या नोटेतून वही-पेन्सिल घेऊन दिली. आज्जीला कन्नड जेमतेम कळायचं, पण त्यांच्या बोलण्यातलं काही चुकलं असं तिला कधी वाटलं नाही. स्वामीजींना मराठीही छान यायची, एमए त्यांनी कोल्हापुरात केलं होतं. सीमाभागात भाषेवरून डोकी फुटलेली आम्ही पाहिलीत. त्या जाजमावर मात्र शेजारी बसलेल्याला कुणी भाषा विचारत नव्हतं. मला त्यांचं सगळ्यात मोठं देणं हेच वाटतं.

२ जानेवारी २०२३ ला, वैकुंठ एकादशीच्या संध्याकाळी ते गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही विजयपूरला गेलो. सैनिक शाळेत दर्शनाला ठेवलं होतं. रांगेत रडणारी कितीतरी माणसं अशी होती, ज्यांचा त्यांच्याशी एका शब्दाचाही संबंध आला नसेल. मीही रडलो. संध्याकाळी आश्रमात अग्नी दिला, त्यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे.

वर्गणीवाल्यांशी वाद मात्र घालू नका. त्यांचंही मन भरून आलंय, दुःखाला कुठंतरी हात टेकायला जागा हवी असते. वर्गणीचे पैसे बाजूला काढा आणि गावातल्या शाळेत ज्या पोरांना वह्या-पुस्तकं मिळत नाहीत, त्यांच्यासाठी एकत्र खर्च करू म्हणून सुचवा. त्याआधी सगळ्यांना बसवून ते निवेदन एकदा मोठ्यानं वाचा. कन्नडमध्ये आहे. तुम्हाला वाचता येत नसेल तर शेजारच्या घरातल्या कुणाला तरी वाचायला सांगा.