गिलाव्याआधी पाइप

होम थिएटरचा प्रोजेक्टर नंतर निवडता येईल; आधी भिंतींत पाइप टाकून घ्या. गिलावा झाल्यावर झिऱ्या मारणं फार महागात पडतं. ॲम्प्लिफायरच्या जागेपासून प्रोजेक्टरपर्यंत ४० मिमीचा रिकामा पाइप हवा, २५ मिमीच्या पाइपात एचडीएमआय केबलचं (चित्र-आवाज नेणाऱ्या तारेचं) टोक वळणावर अडकतं. काटकोनी एल्बो टाळा, लांब बेंड वापरा, आत ओढायला तार ठेवा. अंतर १० मीटरच्या पुढे असेल तर फोर-के (अतिस्पष्ट) चित्रासाठी ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते, उलटी ओढली तर चित्रच येत नाही. स्पीकरच्या तारा १४ गेजच्या, विजेच्या तारांपासून फूटभर लांब.

खोली चौरस नकोच, ठरावीक खर्ज आवाज दुपटीने घुमतात. सोफाही मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे बास फुगतो. १८ फुटी खोलीत मागे ६ फूट सोडा.