शस्त्रकंपन्या आणि कंत्राटदारांच्या नफ्यामुळे युद्धं खरंच लांबतात का?

लांबतात, पण नफा हे एकमेव कारण नसतं. अफगाणिस्तान घ्या. अमेरिकी तळांवर रसद पोचवायचं काम खाजगी ट्रक कंपन्यांकडे होतं. कंत्राट तब्बल २.१६ अब्ज डॉलरचं. रस्ता सुरक्षित ठेवायची जबाबदारीही त्यांचीच. मग या कंपन्या स्थानिक सरदारांना 'संरक्षणा'चे पैसे द्यायच्या. २०१० साली अमेरिकी संसदेच्या चौकशीत दिसलं की यातला काही पैसा बहुधा तालिबानपर्यंतही जात होता. म्हणजे अमेरिकी करदाता दोन्ही बाजूंचा खर्च उचलत होता! रस्ते शांत झाले असते तर सरदारांचा हप्ता बंद पडला असता, मग शांतता कुणाला हवी होती?

मालवाहू विमानांचा किस्सा तर कहर आहे. अफगाण हवाई दलासाठी जी-२२२ जातीची इटालियन विमानं घेतली, खर्च सुमारे ५५ कोटी डॉलर. ती धड उडेनात. २०१४ मध्ये त्यातली १६ विमानं काही हजार डॉलरला भंगारात गेली.

तरी २०२१ पर्यंत युद्ध रेटलं गेलं ते पराभव कबूल करायची एकाही अमेरिकी अध्यक्षाची तयारी नव्हती म्हणून, असं माझं मत. कंत्राटदारांनी त्या टाळाटाळीवर हात धुऊन घेतले.