द्राक्षवेलाला घड नाही, कढीपत्ता पिवळा, तुळस काळी: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न (गंगापूर रोड): अंगणात मांडवावर द्राक्षाचा वेल चढवलाय, तीन वर्षं झाली. पानं नुसती गच्च, घड एकही नाही. कुठलं टॉनिक देऊ?

टॉनिक नको, कात्री घ्या. आपल्याकडे नाशिकला द्राक्षाला वर्षातनं दोनदा छाटावं लागतं, दिंडोरी-निफाडकडचा कुठलाही बागायतदार हेच सांगेल. एप्रिलमधे खरड छाटणी, म्हणजे काडीवर एखादाच डोळा (जिथून कोंब फुटतो ती गाठ) ठेवून बाकी सगळं काढायचं, बघवत नाही पण काढायचं. मग नवीन काड्या फुटतात आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत या काड्यांच्या डोळ्यांमधे आतल्या आतच घड ठरतो, बाहेरनं काही दिसत नाही. त्यासाठी डोळ्यांवर ऊन पडायला हवं, आणि तुमचा मांडव तर गच्च झालाय, सगळी सावलीच, मग घड कुठनं येणार! म्हणून मे-जूनमधे दाटी झालेल्या काड्या विरळ करा.

नंतर ऑक्टोबरमधे गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची. तेव्हा पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी झालेली पिकलेली काडी निवडायची आणि तिच्यावर 6-8 डोळे ठेवून वरचं कापायचं, हिरवी कोवळी काडी ठेवून काही उपयोग नाही. फूट एकसारखी यावी म्हणून शेतात डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते कोणी आणून दिलं तरी घरी अजिबात वापरू नका, विषारी आहे आणि अंगणातल्या एका वेलाला त्याची गरजही नाही. आत्ता जानेवारीत मात्र छाटू नका, एप्रिलपर्यंत थांबा.

पानांवर राख टाकल्यासारखं पांढरं दिसलं तर ती भुरी. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, संध्याकाळी फवारा. तापमान 35 च्या वर असेल तर नको, आणि नीमतेल मारलं असेल तर मधे दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं करपतात.

प्रश्न (इंदिरानगर): कुंडीतला कढीपत्ता पिवळा पडतोय. ताक घालते तरी फरक नाही.

ताई, आधी कुठलं पान पिवळं होतंय ते बघा. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील तर खत कमी पडलंय, मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घाला. पण शेंड्याची नवीन पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या, असं असेल तर लोह मिळत नाहीये. मातीत असतं हो लोह, पण बोअरचं जड पाणी घालून घालून माती अल्कधर्मी झाली की मुळांना ते उचलता येत नाही. बऱ्याच घरात आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत भरून झाडांना घालतात, पाणी वाचवायचा हेतू चांगला आहे पण त्यात क्षार एकवटलेले असतात, ते फरशी पुसायला वापरा. चिलेटेड आयर्न (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला 1 ग्रॅम घेऊन पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी परत एकदा. ताकाने नुकसान नाही, फक्त मिठाचं नको. आणि थंडीत कढीपत्ता थोडी पानं गाळतोच, त्याला घाबरू नका, फेब्रुवारी संपताना शेंडे छाटले की मस्त फुटतो.

प्रश्न (पंचवटी): वृंदावनातली तुळस दर हिवाळ्यात काळी पडून वाळते. रोज न चुकता पाणी घालतो.

रोजचं पाणीच नडतंय काका. पारा दहाच्या खाली गेला की तुळशीची वाढ थांबते, ती पाणी ओढत नाही आणि मुळं कुजायला लागतात. पूजेला पळीभर पाणी पुरे, बाकी बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच घाला. हळदी-कुंकू आणि दूध मातीवर पडून वर थर धरतो, ते बाजूला ताटलीत वाहा. खालचं भोक बुजलंय का तेही तपासा. मंजिऱ्या वाळायच्या आत खुडत चला, बी धरलं की झाड थकतं, थोड्या ठेवून बियाणं मात्र राखा.

प्रश्न (सिडको): जास्वंदीवर कापसासारखं पांढरं आलंय, मुंग्याही खूप.

हा मिलीबग, म्हणजे रस शोषणारा पिठ्या ढेकूण. तो चिकट गोड रस सोडतो आणि त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, त्यामुळे मुंग्या आवरल्याशिवाय तो जात नाही. फार लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमधे नको. उरलेल्यावर पाण्याचा जोरात फवारा मारा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि थोडा लिक्विड सोप, संध्याकाळी, पानांच्या मागून आणि फांद्यांच्या बेचक्यातसुद्धा. एकदा मारून सोडलं तर अंड्यातनं परत निघतात, आठवड्याच्या अंतराने तीनदा मारा. कुंडी भिंतीला टेकलेली असेल तर सरकवा, मुंग्यांची वाट तिथूनच असते.