आईला एमएसए आहे आणि झोपेत शिट्टीसारखा आवाज येतो, हे घोरणंच ना?

तुम्ही लिहिलंय की आईला मल्टिपल सिस्टीम अ‍ॅट्रोफी (एमएसए, मेंदूतल्या पेशी हळूहळू झिजत जाण्याचा आजार) आहे, उभं राहिलं की बीपी पडतं, आणि आता झोपेत आवाज यायला लागलाय पण घरचे म्हणतात वयामुळे घोरते. मी डॉक्टर नाही, पण माझ्या बाबांना हाच आजार होता आणि आम्ही पण पाचेक महिने घोरणं म्हणूनच सोडून दिलेलं, म्हणून लिहितोय.

घोरण्याचा आवाज जाड असतो, घरघर. बाबांचा बारीक, चिरका, आणि फक्त श्वास आत घेताना, दाराच्या फटीतून वारा शिरतो ना तसा. याला स्ट्रायडर म्हणतात. श्वास घेताना स्वरयंत्रातल्या पट्ट्या उघडायला हव्यात, त्या या आजारात उलट जवळ येतात. गंमत म्हणजे जागेपणी घशात दुर्बीण घालून बघितलं तर सगळं नॉर्मल दिसू शकतं, आमचं तेच झालं, ईएनटीवाल्यांनी काही नाहीये म्हणून घरी पाठवलं.

शेवटी उपयोगी पडला तो मोबाईल. रात्री दोनला उशीजवळ धरून रेकॉर्डिंग केलं, न्यूरोलॉजिस्टनी दहा सेकंदही ऐकलं नसेल, लगेच स्लीप स्टडी लिहून दिली. त्यात कळलं की श्वास थांबतोय किंवा एकदम कमी होतोय, तासाला ३४ वेळा, आणि ३० च्या वर म्हणजे सिव्हिअर. मग मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन आलं, पहिला आठवडा बाबा मास्क ओढून फेकायचे, पण सवय झाल्यावर तो आवाज गेला. फक्त प्रेशर स्वतःच्या मनाने ठेवू नका, ते झोपेच्या लॅबमध्येच सेट करून घ्या कारण एमएसएच्या काही पेशंटमध्ये हवेच्या दाबाने स्वरयंत्रावरचं झाकणच (एपिग्लॉटिस) मागे ढकललं जातं आणि श्वास आणखी अडतो.

अजून एक, आई झोपेत ओरडत किंवा हातपाय मारत असेल आणि त्यासाठी क्लोनाझेपाम चालू असेल तर ते स्लीपवाल्या डॉक्टरांना नक्की सांगा. अशा गोळीने श्वासाचा त्रास वाढू शकतो, पण आपण होऊन बंद पण करू नका.

रेकॉर्डिंग आज रात्रीच करा, कारण स्ट्रायडर असताना झोपेतच अचानक दगावण्याचा धोका खरा असतो. आणि आवाज जागेपणी पण येऊ लागला किंवा ओठ निळे दिसले तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीला न्या.