काचेच्या शेगडीवरचे डाग: काय घासून जातं, काय जात नाही

पहिल्या चार प्रश्नांतली शेगडी विजेची आहे, म्हणजे इंडक्शन किंवा काचेखाली कॉइल असलेली. तिची काच सिरॅमिक प्रकारची असते. गॅसच्या काचेच्या शेगडीचा प्रश्न त्यानंतर घेतला आहे.

प्रश्न: उतू गेलेलं दूध करपून काचेवर काळपट कडं बसलंय. ओल्या फडक्याने हलतही नाही. तारेची घासणी वापरू का?

तारेची नको आणि हिरवी खरखरीतही नको. डाग निघेल, पण मागे बारीक ओरखडे राहतील आणि पुढच्या वेळी करप त्यांतच अडकून बसेल.

आधी काच पूर्ण थंड होऊ द्या. डागावर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून वर दोन चमचे खायचा सोडा पसरा. गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं त्यावर पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा. खरं काम भिजण्यानेच होतं, नंतर हलक्या हाताने गोल फिरवून पुसलं की पुरतं. तरीही कडं उरलं तर सिरॅमिक काचेसाठी मिळणारी ब्लेडची खरवडणी घ्या. काच ओली ठेवा, पातं तीसेक अंशांत तिरकं धरा, धार सबंध टेकलेली असू द्या आणि फक्त पुढे ढकला. ओरखडा उठतो तो बहुतेकदा पात्याचा कोपरा टेकल्यामुळे. गंजलेलं किंवा खाच पडलेलं पातं सरळ टाकून द्या.

सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस काढायची पद्धत फार लोकप्रिय आहे. फेस दिसतो छान, पण दोन्ही एकमेकांचा जोर मारतात. वापरायची असतील तर वेगवेगळी वापरा: आधी सोडा, तो पुसून झाल्यावर व्हिनेगर.

प्रश्न: साखरेचा पाक सांडला. काच थंड झाल्यावर साफ केला, तर तिथे बारीक खड्डे दिसताहेत. असं कसं झालं?

‘थंड झाल्यावरच साफ करा’ या नियमाला साखर अपवाद आहे. पाक निवताना काचेला घट्ट धरतो आणि आकसतो. सिरॅमिक काच मात्र जवळजवळ आकसतच नाही. या ओढाताणीत काचेचे बारीक टवके पाकाबरोबर उखडतात. हे खड्डे कुठल्याही क्रीमने भरून येत नाहीत. शेगडी वापरता येते, डाग तेवढा राहतो.

पुढच्या वेळी पाक, जॅम किंवा साखर घातलेलं काहीही सांडलं तर लगेच शेगडी बंद करा आणि भांडं उचलून बाजूला ठेवा. जाड हातमोजा घालून लांब मुठीच्या खरवडणीने पाक गरम असतानाच थंड भागाकडे ओढून घ्या. दर वेळी पातं कागदाला पुसा. गरम काचेवर ओलं फडकं टाकू नका, वाफेने हात भाजतो. उरलेला पातळ थर काच निवल्यावर साबणपाण्याने जातो. पाक आधीच घट्ट झाला असेल तर तो भाग मंद आचेवर थोडा तापवून मऊ करा, शेगडी बंद करा, मग खरवडा. प्लॅस्टिकची पिशवी किंवा अॅल्युमिनियम फॉइल वितळून चिकटली तरी हाच उपाय.

प्रश्न: काचेवर चंदेरी-करड्या रेघा आहेत. ओरखडेच ना?

बहुधा नाहीत. नख आडवं फिरवून बघा. अडकलं तर ओरखडा. सरळ घसरलं तर तो भांड्याच्या बुडाचा धातू आहे, बहुतेक वेळा अॅल्युमिनियम. भांडं सरकवताना पेन्सिलीसारखी रेघ उमटते. थंड, कोरड्या काचेवर सिरॅमिक शेगडीचं क्लीनिंग क्रीम कागदी टॉवेलने दोनेक मिनिटं घासा. एकदा भागत नाही, दोन-तीनदा करावं लागतं. रेघांवर पुन्हा पुन्हा तापवत राहिलात तर त्या पक्क्या होतात, म्हणून लवकर काढा. टूथपेस्ट लावू नका, तिच्यातल्या कणांनी चकाकी जाते.

खऱ्या ओरखड्यांचं मूळ बहुतेकदा बुडाखालचे मिठाचे किंवा वाळूचे कण, नाहीतर बिडाच्या तव्याचं खडबडीत बूड असतं. भांडं सरकवू नका, उचलून ठेवा.

प्रश्न: पांढुरकी वर्तुळं आणि तेलाच्या तवंगासारखी रंगीत झाक दिसते.

वर्तुळं पाण्यातल्या क्षारांची, झाक क्षारांच्या किंवा क्लीनरच्या पातळ थराची. व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन थंड काचेवर पाच मिनिटं ठेवा, साध्या पाण्याने पुसा आणि कोरडं करा. अमोनिया असलेला खिडकीचा क्लीनर इथे चालत नाही, त्याचा उरलेला अंश तापून नवे डाग पडतात. भांड्याचं बूड कोरडं करून ठेवलंत तर वर्तुळं फारशी उमटणार नाहीत.

प्रश्न: माझी गॅसची शेगडी आहे, वर काच आहे. हेच सगळं लागू का?

नाही. तिची काच साधारणपणे टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून कणखर केलेली असते. ती उष्णतेचा झटका सिरॅमिक काचेइतका सोसत नाही आणि फुटली की एकदम तुकडे-तुकडे होते. म्हणून गरम काचेवर गार पाणी किंवा ओलं फडकं कधीच नको. ब्लेडऐवजी प्लॅस्टिकची पट्टी वापरा.

बर्नरच्या मानाने फार मोठं पातेलं ठेवलं तर उष्णता खाली परतते आणि काच बर्नरभोवतीच जास्त तापते. कडेला बसलेला ठोकाही धोक्याचा, काच तिथेच सगळ्यात नाजूक असते. बर्नरच्या टोप्या धुतल्यावर पूर्ण वाळवून, नीट बसवूनच परत ठेवा. वाकडी बसली तर ज्योत एका बाजूला झुकते आणि काच भाजते.

प्रश्न: विजेच्या शेगडीला केसासारखी चीर गेलीय. नवी काच येईपर्यंत दुसरा भाग वापरू का?

नाही. चिरेतून सांडलेलं पाणी खालच्या विजेच्या भागांपर्यंत जातं आणि शॉक बसू शकतो. मेन स्विच किंवा एमसीबीवरून वीज तोडा, ओल्या फडक्याने पुसूही नका. गोंदाने चीर सांधत नाही, काच बदलावीच लागते.

प्रश्न: मंद आचेवर काचेखालची लाल कॉइल सारखी लागते-विझते. घाणीमुळे का?

घाणीचा संबंध नाही. कॉइल चालू-बंद करूनच आच राखली जाते. मंद आचेवर ठेवूनही ती विझतच नसेल, तर मात्र मेकॅनिकला दाखवा.